मीठ, गवत आणि तीन गुण

नमस्कार, श्रोतेहो. परीक्षा जवळ आली की बऱ्याच घरांत रेडिओचा आवाज कमी होतो. तरीही ज्यांनी तो लावलाय त्या मुलामुलींशी, आणि शेजारी भाजी निवडत बसलेल्या आई-आजोबांशी, मला आज इतिहासाच्या पेपराबद्दल बोलायचंय. खरं म्हणजे त्यातल्या एकाच वर्षाबद्दल : १९३०.

आठवीच्या पुस्तकात सविनय कायदेभंगाचा धडा आहे. त्यात दांडी आहे, धारासना आहे, सोलापूर, शिरोडा, चिरनेर, बाबू गेनू, सगळे आहेत. मुलं हा धडा पाढ्यासारखा पाठ करतात. मग 'चुकीची जोडी ओळखा' आलं, की पाढा मध्येच तुटतो आणि एकाचं गाव दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'पुसद : मिठाचा सत्याग्रह.' मी लाल शाईनं काट मारली नाही. तिला भिंतीवरच्या नकाशापाशी नेलं आणि म्हटलं, "पुसद शोध, आणि तिथून समुद्र किती लांब आहे ते बघ."

पुसद यवतमाळ जिल्ह्यात. तिथं मीठ कशाचं करणार? तिथं होतं जंगल. सरकारनं ते राखीव केलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या जिथं गुरं चारली, गवत कापलं, जळणाचा भारा बांधला, तिथंच आता परवानगी घ्यायची. म्हणून १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगलचा कायदा मोडला. किनाऱ्यावर मीठ आणि आतल्या मुलखात गवत. मुलीला पटलं, मलाही माझं शिकवणं जमलंय असं वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी ती परत आली. "बाई, चिरनेर तर उरणजवळ आहे. माझ्या मामाचं गाव त्याच बाजूला. तिथं खाडी आहे, मिठागरं आहेत. मग चिरनेरला जंगल सत्याग्रह का?"

खरं सांगते, क्षणभर मला उत्तर सुचलं नाही. मग आम्ही दोघींनी तारखा मांडल्या. गांधीजी साबरमतीहून निघाले १२ मार्चला, बरोबर ७८ सहकारी, वाट सुमारे ३८५ किलोमीटरची. दांडीला मीठ उचललं ६ एप्रिलला. शिरोडा आणि धारासना इथले मिठाचे सत्याग्रह मे महिन्यात. हे सगळं उन्हाळ्यातलं. पुसद जुलैतलं, आणि चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर झालेला गोळीबार २५ सप्टेंबरचा. आता मामाच्या गावी कुणालाही विचारा, पावसाळ्यात मीठ पिकतं का? आगरात गोडं पाणी भरलेलं असतं. पाऊस सुरू झाला की मिठाचा कायदा मोडायची सोयच उरत नाही, आणि रानात तर तेव्हाच गवत कमरेएवढं वाढलेलं असतं. शिवाय चिरनेरच्या मागे अक्कादेवीचा डोंगर आहेच. त्याच्या लाकूडफाट्यावर जगणाऱ्यांना जंगलचा कायदा मिठाइतकाच जाचत होता.

म्हणजे नुसत्या नकाशानं भागत नाही, शेजारी कॅलेंडरही लागतं. ते मला त्या मुलीनं शिकवलं.

सोलापूरचंही असंच. 'टीपा लिहा' मध्ये मुलं लिहितात, 'सोलापूरच्या जनतेने अतुलनीय शौर्य गाजवले.' बाळांनो, विशेषणांना गुण नसतात. काय झालं ते क्रमानं लिहा. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली. ६ मेला सोलापुरात हरताळ पाळला गेला, त्यात गिरणी कामगार मोठ्या संख्येनं होते. गोळीबारात माणसं गेली, लोकांचा संताप उसळला, चौक्या आणि न्यायालयाच्या इमारती त्याच्या तडाख्यात सापडल्या. सरकारनं लष्करी कायदा पुकारला. शेवटी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी झाली. एकातून दुसरं निघत गेलं, ते तसंच उतरवा. पाच-सहा वाक्यं पुरतात.

तारखांचा मात्र घोळ होतो, कबूल. त्यावर माझी एक युक्ती आहे, 'बारा'ची. दांडीकडे निघाले १२ मार्चला. बाबू गेनूचं बलिदान १२ डिसेंबरचं. सोलापूरच्या चौघांची फाशी १२ जानेवारीची, फक्त वर्ष बदललं, १९३१. परीक्षकाला ही युक्ती सांगायची नाही.

दहावीच्या मुलांना यातलं काही थेट विचारणार नाहीत. त्यांच्या पुस्तकाचा पहिला धडाच इतिहास लिहायचा कसा, याचा आहे. रांके आणि फुको ही त्यातल्या युरोपीय अभ्यासकांची नावं तोंडात बसवताना आम्हा शिक्षकांचीच जीभ अडखळते, तुमची अडखळली तर बिघडत नाही. पण 'हे इथंच का, आणि याच महिन्यात का' असं ज्यानं आठवीत एकदा तरी विचारलंय, त्याला तो पहिला धडा फार परका वाटणार नाही.

आता जाता जाता एक प्रश्न, उत्तर मी देणार नाही. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ गावचा बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होता. काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडाच्या लॉरीपुढे तो आडवा झाला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. पुसदला गवत, शिरोड्याला मीठ, मग मुंबईत कापडच का? आणि तेही एका गिरणी कामगारानं का? तीन गुणांचा प्रश्न समजा. आई-आजोबांनी मदत केली तरी चालेल, फक्त 'अतुलनीय' हा शब्द वापरायचा नाही. नमस्कार.