आणि समुद्रही राहिला नाही

श्रोतेहो, नमस्कार.

2 नोव्हेंबर हा आमच्या कॅथलिक समाजात सर्व मृतांची आठवण करायचा दिवस. त्याआधी चार-आठ दिवस वेंगुर्ला-मालवणकडच्या दफनभूमीत कोयते आणि खुरपी घेऊन माणसं वावरताना दिसतात. पावसाळ्यात माजलेलं रान काढायचं, क्रॉसना चुना लावायचा, झेंडूच्या माळा घालायच्या आणि तिन्हीसांजेला मेणबत्त्या लावायच्या. खाऱ्या वाऱ्यात मेणबत्ती काही टिकत नाही, म्हणून कुणी अर्ध्या करवंटीचा आडोसा करतं. वात विझली की शेजारच्या थडग्यावरच्या मेणबत्तीवरून पुन्हा पेटवून घ्यायची.

यातल्या एखाद्या क्रॉसखाली कुणीच पुरलेलं नसतं. होडी गेली, माणूस आला नाही. वाट पाहून पाहून शेवटी घरच्यांनी नाव तेवढं कोरून घेतलं.

अशा जागी उभं राहून बायबलमधलं स्वर्गाचं वर्णन वाचलं जातं. पुस्तक प्रकटीकरण, अध्याय 21. योहान म्हणतो, मी नवं आकाश आणि नवी पृथ्वी पाहिली, पहिली निघून गेली होती. आणि समुद्रही राहिला नाही.

किनाऱ्यावरच्या माणसाला हे वाक्य अडतं. माझे एक काका, जन्मभर रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, दोरी ओढलेले. एकदा प्रार्थना आटोपल्यावर ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दर्यो नाय तर आमी थंय जावन करतलंव काय?" फादरांसकट सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या पाण्यानं घर चाललं, ते पाणीच जिथं नाही, तो स्वर्ग कोकणातल्या माणसानं मागावा कशाला?

आधी हे लिहिणारा कुठं बसलाय ते बघू. पहिल्या शतकातला, रोमन सत्तेखालचा माणूस. विश्वासापायी आपण पात्म नावाच्या बेटावर आहोत, असं तो स्वतःच सांगतो. ज्यांना लिहितो त्या 7 ख्रिस्ती मंडळ्या समोरच्या मुख्य भूमीवर, आजच्या तुर्कस्तानात. इफिस, स्मुर्णा वगैरे शहरांत. मधे पाणी. त्याच्या दर्शनातलं क्रूर श्वापद वर येतं तेही समुद्रातूनच. आणि 18 व्या अध्यायात जहाजांनी येणाऱ्या मालाची यादी आहे: सोनं, रुपं, मोती, तलम कापड, दालचिनी, गहू, गुरं, आणि अगदी शेवटी, माणसं. विकायला आणलेली माणसं. योहानाचा समुद्र हा असा आहे. ताटातूट करणारा, भीती पोसणारा, गुलाम वाहून नेणारा.

पण मला सर्वात मोठा आधार वाटतो तो एका वेगळ्याच वचनाचा, आणि ते त्या अवघड वाक्याच्या जरासं आधी येतं. अध्याय 20, वचन 13. समुद्रानं आपल्यातले मेलेले परत दिले. आता क्रम लक्षात घ्या. समुद्र आधी घेतलेलं परत करतो आणि मग नाहीसा होतो. हिशेब चुकता केल्याशिवाय त्याची सुटका नाही.

17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट वाटेत उलटली आणि 600 हून अधिक माणसं गेली. रायगडच्या किनाऱ्यावर अजून तिचं नाव निघालं की जुनी माणसं गप्प होतात. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं, तेव्हा मासेमारीला गेलेले आपले किती खलाशी घरी आले नाहीत. त्यांच्या माणसांना स्वर्गात सोन्याचे रस्ते आहेत हे सांगून काय मिळणार? खरं सांगायचं तर त्या सोन्याच्या रस्त्यानं मलाही कधी धीर आलेला नाही. समुद्राला परत द्यावं लागेल, हे मात्र वेगळं आहे. ते वाचताना रिकाम्या थडग्यापाशी मान वर करून उभं राहता येतं.

पुढचं नगर वर्णन करताना योहानाला आवरत नाही. भिंत यास्फे रत्नाची, पाये रत्नांचे, 12 वेशी आणि एकेक वेस एकेका मोत्याची. मी त्यातला एकच तपशील धरून ठेवतो: त्या वेशी कधी बंद होत नाहीत, कारण तिथं रात्र नाही. जुन्या काळी वेस लागली की उशिरा आलेला बाहेर राहायचा. इथं उशीर झालेला असा कुणी उरतच नाही. आणि हे नगर खाली येतं बरं का. माणसं वर उचलून नेली, असं तिथं म्हटलेलं नाही. देवाची वस्तीच माणसांत येते. म्हणून तिथं मंदिरही नाही. देवळाशिवाय गावाची कल्पना न करणाऱ्या आपल्या कोकणात हे ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण ज्याच्या भेटीला जायचं तोच घरी राहायला आलेला आहे.

याच्याही शेकडो वर्षं आधीचं एक चित्र बायबलमधल्याच यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात आहे, 65 व्या अध्यायात. तेही नव्या आकाशाचं आणि नव्या पृथ्वीचं. तिथं रत्नं नाहीत. लोक घर बांधतील आणि त्यात स्वतः राहतील. मळा लावतील आणि त्याचं फळ स्वतः खातील. एकानं लावायचं आणि दुसऱ्यानं खायचं, असं व्हायचं नाही. बस्स, एवढंच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळानं श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या, दापोली-मंडणगडकडे आंब्याची जुनी झाडं मुळासकट उपटली, त्या बागायतदारांना या दोन ओळींचा अर्थ वेगळा सांगायला नको. बाणवली माड लावला की फळ धरायला सहा-सात वर्षं. साठी उलटलेला माणूस खड्डा खणतो तेव्हा तो कुणासाठी खणतो?

हाच यशया आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल लोकांचाही, म्हणजे इथल्या ज्यूंचाही. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले, 7 पुरुष आणि 7 स्त्रिया. बुडालेल्यांना त्यांनी तिथंच पुरलं आणि मग आसपासच्या गावांत तेलाचे घाणे चालवत ते रुजले. घरं बांधली, त्यात राहिले.

आता काकांच्या प्रश्नाकडं. दर्या नाही तर आम्ही करणार काय? मरणातून उठलेला येशू बायबलमधल्या दुसऱ्या एका पुस्तकात, योहानाच्या शुभवर्तमानात, अध्याय 21 मध्ये, पहाटे किनाऱ्यावर दिसतो. निखारे पेटवलेले, त्यावर मासळी, सोबत भाकर. रात्रभर काही न लागलेले शिष्य त्याच्या सांगण्यावरून जाळं टाकतात आणि ओढत काठाला आणतात. मासे 153, आणि जाळं फाटलं नाही. मासे मोजणं आणि जाळ्याला काही झालं नाही ना हे आधी बघणं, हे दर्यावर्दी माणसाशिवाय कुणाला सुचेल? येशू त्यांना उपदेश करत बसत नाही. म्हणतो, या, न्याहारी करा. मरणापलीकडून आलेल्याच्या हाताला निखाऱ्यावरच्या मासळीचा वास असेल, तर काकांना फार काळजी करायचं कारण मला दिसत नाही.

उद्या-परवा दफनभूमीत जाल तेव्हा प्रकटीकरणाचा नेहमीचा 21 वा अध्याय वाचाच. फक्त सुरुवात थोडी अलीकडून करा, 20 व्या अध्यायाच्या 13 व्या वचनापासून. आणि ज्यांच्या घरचं माणूस पाण्यात गेलं आहे, त्यांना ते मोठ्यानं वाचायला सांगा. नमस्कार.