‘३२ मिळाले’

(एका ज्येष्ठ नागरिक संघात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय ‘पैशाचे दावे, वकिलाशिवाय’. मला तासभर सांगितला होता. आत्ता कळलं की पाऊणच तास आहे, कारण नंतर या महिन्यातल्या वाढदिवसांचे सत्कार आहेत. हरकत नाही. मी तीस वर्षं गणित शिकवलंय. तास लहान झाला तरी धडा तेवढाच राहतो, गृहपाठ वाढतो.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणणारच, म्हणून मीच म्हणून टाकते. आमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात लिफ्ट होती. मी गेले त्या दिवशी बंद होती. तेव्हा मी पायऱ्या चढले, तीन मजले, आणि माझ्या शहाणपणाचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

तर, ट्रॉल्या.

२०२२च्या जानेवारीत आम्ही स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसवून घेतल्या. थाळी ट्रॉली, कप-बशीची, बाटल्यांची, खाली धान्याची. एकूण ९२,००० रुपये. ज्याला काम दिलं तो माझाच विद्यार्थी. दहावीला गणितात काठावर पास. व्यवहाराचं गणित मात्र त्याने नंतर चांगलं केलं होतं, हे मला उशिरा कळलं. त्याने वहीच्या कागदावर अंदाजपत्रक लिहून दिलं: ‘एसएस ३०४, सॉफ्ट क्लोज चॅनेल, ५ वर्षे गॅरंटी’, खाली सही. एसएस ३०४ म्हणजे सहसा न गंजणारं स्टेनलेस स्टील, आणि चॅनेल म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्या. ६०,००० मी चेकने दिले. राहिले ३२,०००. ते काम संपलं त्या रात्री रोख दिले. पावती मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात आमचे हे म्हणाले, “अगं, चहा टाक त्याला. थंडीत लांब जायचंय.” मी चहा टाकला. पावती राहिली.

का राहिली? विद्यार्थी घरी आलाय, बाई म्हणतोय, वाकून नमस्कार करतोय, त्याला ‘पावती दे’ कसं म्हणायचं? याला आपण संस्कार म्हणतो. माझी आजी म्हणायची, भीड भिकेची बहीण. आणि गंमत अशी की आपण लिहून ठेवणारी माणसं नाही असं मुळीच नाही. लग्नातली आहेराची वही आठवा. कुणी ५१ दिले, कुणी ब्लाउजपीस, कुणी स्टीलचा डबा आणि तोही झाकणाशिवाय, सगळं नावानिशी चाळीस वर्षं जपून ठेवतो. माझ्या सासूबाईंची वही अजून कपाटात आहे, पुढच्या रांगेतल्या दोघांची नावं त्यात आहेत, घाबरू नका. (हशा) ५१ रुपयांची नोंद ठेवणारी माणसं आपण, आणि ३२,००० देताना वही कुठे जाते?

मला वाचवलं ते मास्तरकीच्या खोडीने. रात्री साडेदहाला मी त्याला मोबाइलवर लिहिलं, ‘नीट पोचलास ना?’ सहलीनंतर पोरांना विचारायची सवय. त्याचं उत्तर आलं, ‘हो बाई, पोचलो. ३२ मिळाले. धन्यवाद.’ पुढे हात जोडल्याचं चित्र. बास. पुढची तीन वर्षं मी ‘३२ मिळाले’ या दोन शब्दांवर काढली.

पहिल्याच पावसाळ्यात थाळी ट्रॉलीला तांबेरा चढला. चॅनेल असे अडकायचे की डाव काढायला पायाने रेटा द्यावा लागे. फोन केले. ‘येतो बाई’, ‘सोमवारी येतो बाई’, ‘चॅनेल बदलून देतो बाई’. शेवटचं वाक्य त्याने लिहून पाठवलं, देव त्याचं भलं करो. दिवाळीनंतर फोन घेणं बंद. मी नोटीस पाठवली, साध्या मराठीत, पोचपावतीच्या टपालाने. उत्तर नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तक्रार दाखल केली.

तिथल्या कागदांत मी ‘तक्रारदार’ आणि तो ‘सामनेवाला’. मला आधी वाटलं, हा हिंदी सिनेमा आहे. काही जिल्ह्यांत ‘जाबदार’ लिहितात, तो शब्द मला जास्त आवडतो. पुकारा झाला की उठायचं, नाव सांगायचं, पुढची तारीख वहीत लिहायची. निम्म्या तारखांना एवढंच काम होतं. मी स्वेटर विणायला नेत असे. निकालापर्यंत दोन स्वेटर आणि एक कानटोपी झाली.

एक फजितीही सांगते. कुणीतरी सांगितलं होतं की ३०४ स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही. मी चुंबक घेऊन गेले. स्वयंपाकघरात लावून पाहायला विसरले, थेट आयोगापुढे कप-बशीच्या ट्रॉलीची काढून आणलेली तार काढली आणि चुंबक लावला. चिकटला नाही! म्हणजे माल ३०४च, असं माझ्याच हाताने सिद्ध झाल्यासारखं. समोरचे वकीलसाहेब हसले. नंतर एका भांडेवाल्याने समजावलं की २०२ नावाचं स्वस्त स्टील असतं, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त. तेही साधारणपणे चुंबकाला चिकटत नाही, पण दमट हवेत ते लवकर गंजतं. म्हणजे चुंबकाने काहीच ठरत नाही, खात्री हवी तर प्रयोगशाळा. आयोग नमुना पाठवू शकतो, पण तपासणीचा खर्च आधी आपण भरायचा आणि वेळ वाढतो. मी तो नाद सोडला. गंजाचे तारखेसह फोटो आणि ‘बदलून देतो’ हा निरोप पुरला.

युक्तिवादाच्या दिवशी वकीलसाहेब म्हणाले, “३२ मिळाले म्हणजे काय मिळालं? ३२ किलो? ३२ स्क्रू?” सदस्य बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अंदाजपत्रक ९२ हजारांचं, चेक ६० हजारांचा. ९२ वजा ६०. इतकी सोपी वजाबाकी इतक्या गंभीर वर्गापुढे मी पहिल्यांदाच केली.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. अरे बापरे. मुख्य विषय राहिलाच. लिहून घ्या, भराभर सांगते.

ग्राहक संरक्षण कायदा आधी १९८६चा होता, आता २०१९चा, तो जुलै २०२० पासून लागू आहे. तक्रार स्वतः चालवता येते, वकील सक्तीचा नाही. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, कंपनी दिल्लीची असो. मुदत दोन वर्षं, कारण घडल्यापासून. ‘बघू, करू’ करत बसलात तर ती संपते. घरबसल्या ई-जागृती पोर्टलवरही दाखल होते, आणि आधी १९१५ या हेल्पलाइनला फोन करा, काही प्रकरणं तिथेच मिटतात.

तक्रार म्हणजे निबंध नव्हे. तारीखवार लिहा, एका तारखेला एक परिच्छेद. ‘माझा विश्वासघात झाला’ हे एकदाच. प्रत्येक कागदाला क्रमांक, वर यादी, सोबत शपथपत्र. मोबाइलवरच्या निरोपांची छापील प्रत देताना ती कुठून, कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र जोडा. त्याला पूर्वी, जुन्या पुरावा कायद्यातल्या कलमावरून, ६५-ब म्हणत, १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ झालं. मागणी आकड्यात लिहा: किती परत, किती टक्के व्याज, किती खर्च.

समोरच्याला म्हणणं, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली स्पष्ट केलंय की त्यापुढे मुदत नाही. आमचा जाबदार ५२व्या दिवशी आला, त्याचं म्हणणं घेतलंच नाही. वकिलांना फक्त युक्तिवाद करता आला. निकाल कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाचमध्ये. माझा लागला दोन वर्षं दोन महिन्यांनी. ४०,००० परत, ९ टक्के व्याज, त्रासाचे ५,०००, खर्चाचे ३,०००.

आणि निकाल म्हणजे पैसे नव्हेत, हे कुणी सांगत नाही! तो गप्प बसला. मग अंमलबजावणीचा अर्ज करावा लागतो. कलम ७२ प्रमाणे आदेश न पाळणाऱ्याला महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते एक लाख दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. वॉरंट निघालं त्याच आठवड्यात पैसे आले, बँकेतून. मी त्याला पावती पाठवली. बाई आहे मी त्याची.

शेवटची चिठ्ठी, यावर नाव नाही: ‘मेहुण्याला दीड लाख हातउसने दिले, देत नाही, ग्राहक आयोगात जाता येईल का?’ नाही. हातउसने म्हणजे सेवा नव्हे, तुम्ही त्याचे ग्राहक नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालय, साधारण तीन वर्षांच्या आत. ती मुदत संपण्याआधी त्याने ‘देणं आहे’ असं लिहून सही करून दिलं तर मुदत तिथून नव्याने मोजतात. पण आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करून दावा दाखल होण्यापूर्वीच लोकअदालतीत प्रकरण ठेवून बघा. तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याइतकं वजन असतं आणि अपील नसतं. मुंबई-पुण्यातल्या लघुवाद न्यायालयाच्या नावावर जाऊ नका, तिथे मुख्यतः घरमालक-भाडेकरू भेटतात.

आणि चिठ्ठीवर नाव घातलं नाहीत ते बरं केलंत. मला वाटतं, मेहुणे इथेच बसलेत.