ओट्याची धार आणि पुढचे दात

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या गावांत घरापुढे ओटा असतोच. शहाबादी फरशीचा, गुडघाभर उंच, कडेला धार. दीड-दोन वर्षांचं पोर त्याला धरून उभं राहतं, पाय निसटतो आणि तोंड थेट कडेवर येतं. हात टेकून सावरणं या वयात जमत नाही.

मार बहुतेकदा वरच्या मधल्या दोन दातांनाच. पण सारखंच पडून एकाचा नुसता ओठ फुटतो, दुसऱ्याचा दात हिरडीत घुसतो. का?

पोराला दाढा मिटायला सांगा आणि बाजूने बघा. वरचा दात खालच्याच्या किती पुढे आहे? 2 मिलिमीटरचं काही नाही. 3 च्या वर गेलं की इजेचा धोका वाढतो. दादर ज्वारीचा दाणा साधारण 4 मिलिमीटरचा, तेवढं अंतर म्हणजे जास्तच. (दाणा तोंडात घालून मोजू नका, गालाशेजारी पट्टी धरा.)

आता ओठ. पोर टीव्हीत रमलं की हळूच पाहा, ओठ मिटलेत का? मिटलेला ओठ ही दातापुढची गादी. ती नसली की फरशी आधी दाताला भेटते.

दात पुढे येण्याचं नेहमीचं कारण अंगठा. तो वरचे दात पुढे रेटतो, खालचे आत दाबतो. अंगठ्याला कारल्याचा रस चोळून पोर नुसतं चिडतं. झोपताना हातात बाहुली द्या, दिवसा हात कामात ठेवा. तीन-चार वर्षांच्या आत सवय सुटली तर दात बरेचसे आपणहून मागे येतात.

दुधाच्या दाताभोवतीचं हाड मऊ असतं. म्हणून तो तुटण्यापेक्षा हलतो, वाकतो, आत घुसतो. त्याच्या मुळामागे, टाळूच्या बाजूला, कायमच्या दाताचा अंकुर असतो. धक्का तिथवर पोचला तर सातव्या-आठव्या वर्षी येणाऱ्या दातावर पांढरा-पिवळा डाग किंवा खड्डा दिसतो.

लागल्यावर स्वच्छ ओलं कापड 10 मिनिटं दाबून धरा. दात सापडत नसेल तर तो हिरडीत घुसलाय की श्वासनलिकेत गेलाय, हे डॉक्टरांना लगेच पाहू द्या. निखळलेला दुधाचा दात परत बसवायचा नाही, अंकुराला इजा होते. मोठ्या भावाचा कायमचा दात निखळला तर मात्र मुळाला हात न लावता दुधात टाकून लगेच दवाखाना गाठा.

आठ-दहा दिवस कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी बाजूला, केळं आणि मऊ खिचडी. काही आठवड्यांनी दात राखाडी पडला तरी उपटायची घाई नको. हिरडीवर पुळी आली किंवा दुखू लागलं, तर मात्र थांबू नका.