जंगलातली सरळ रेघ

[दृश्य : उपग्रह नकाशा. देवदारांचं जंगल, मधून चढत गेलेला फिकट पट्टा.]

डोंगरातल्या जंगलात अशी सरळ रेघ दिसली की नजर थांबवायची. ओढा असा वाहत नाही, पायवाट अशी चढत नाही. सरळ चढते ती स्कीची लिफ्ट, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्यांना तारेने परत वर नेणारी यंत्रणा. तिच्या तारेला वळण घेणं परवडत नाही, म्हणून खालच्या चाकापासून वरच्या चाकापर्यंत झाडं तोडून पट्टा मोकळा करतात. लिफ्ट बंद पडते, लोखंड भंगारात जातं, पट्ट्यात पुन्हा झाडं उगवतात. पण ती सगळी एकाच वयाची, शेजारच्या जंगलापेक्षा बुटकी. विजेची लाइनही सरळ जाते म्हणा. फरक एवढाच, की ती डोंगर ओलांडून पुढे जाते आणि लिफ्टची रेघ उताराच्या माथ्याशी संपते.

[दृश्य : ठाणे, पावसाळी संध्याकाळ. तलावपाळीवरची गर्दी.]

आम्ही ठाणेकर. आमचा बर्फ म्हणजे उसाच्या रसातला, नाहीतर गोळ्यावरचा. मग बंद पडलेल्या स्की मैदानांचं हे वेड कुठून आलं? माहुलीवरून. गोरखगड-सिद्धगडावरून. पडक्या जागी गेलं की काय शोधायचं, हे सह्याद्रीने आधीच शिकवलेलं असतं. किल्ल्यावर आपण पहिल्यांदा टाकं शोधतो. पाणी सापडलं की वाड्यांची जोती सापडतात. इथे पाण्याऐवजी सावली शोधायची. आपल्या गोलार्धात उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारावर ऊन कमी पोचतं, तिथेच बर्फ टिकतो. तो उतार सापडला की लिफ्टच्या खांबांचे चौथरे शोधायचे.

[दृश्य : गवतातला सिमेंटचा ठोकळा, अगदी जवळून.]

हा चौथरा. वर गंजलेले चार बोल्ट, कापल्याच्या खुणा अजून दिसतात. खांब विकला गेला; सिमेंट कोण उचलून नेणार? अशा दोन चौथऱ्यांमधून नजर लावली, की तिसरा कुठे असेल ते कळतं.

[दृश्य : बोलिव्हियाचा नकाशा, ला पाझ शहर.]

या नादात जगभरातल्या जागा वाचून झाल्या, त्यात एक डोक्यातून जात नाही : चाकलताया. ला पाझजवळच्या या हिमनदीवर, सुमारे 5,300 मीटरवर, स्की चालायची. नेपाळकडचा एव्हरेस्टचा बेस कॅम्प साधारण याच उंचीवर आहे, म्हणजे आपण जिथे दम खात उभे राहू, तिथे ही माणसं स्की करत होती. 1939 च्या सुमारास तिथे दोराची लिफ्ट बसवली, तीही मोटारीच्या इंजिनावर. खुर्ची वगैरे काही नाही. फिरता दोर धरायचा आणि ओढलं जायचं. पुढे हिमनदी आटत गेली. शास्त्रज्ञांचा अंदाज होता की ती 2015 पर्यंत टिकेल. ती 2009 मध्येच संपली. स्की क्लबची इमारत उरली आहे, खाली नुसता दगडधोंडा.

[दृश्य : कुफ्री. घोड्यांची रांग.]

इतकं लांब जायलाच हवं असं नाही. सिमल्याहून अर्ध्या-पाऊण तासावरच्या कुफ्रीला आपली मंडळी घोड्यावर बसून, याकसोबत फोटो काढून परततात. हेच कुफ्री एकेकाळी स्कीसाठी नावाजलेलं होतं, हे त्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल? बर्फ बेभरवशाचा झाला, स्कीवाले सोलंग, औली, गुलमर्गकडे वळले.

आणि काही मैदानं तर मेली जन्माआधीच. मनालीजवळ फोर्ड मोटार घराण्यातल्या आल्फ्रेड फोर्ड यांच्या पाठबळावर एक भव्य स्की व्हिलेज उभं राहणार होतं. 2006 मध्ये नग्गरला कुल्लू खोऱ्यातल्या देवतांची जगती, म्हणजे देवांची सभा, भरली, पालख्या आल्या, आणि गूरांच्या, म्हणजे अंगात देव येणाऱ्यांच्या, तोंडून देवांनी नकार दिला. प्रकल्प झाला नाही. तिथे शोधायला चौथराही नाही, तरी माझ्या यादीत ही जागा वरच आहे.

[दृश्य : औलीचा उतार, कृत्रिम तळं.]

औलीला पडीक म्हणणं अन्यायाचं होईल. 2011 मध्ये इथे दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या. बर्फाच्या यंत्रांसाठी तळं बांधलं. पण यंत्राला नुसतं पाणी पुरत नाही, हवाही साधारण गोठणबिंदूखाली उतरावी लागते. त्यात 2023 च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली, घरांना तडे गेले, आणि जोशीमठ-औली रोपवे थांबवावा लागला. चालू मैदान आणि बंद मैदान यांत किती थोडं अंतर असतं, ते इथे उभं राहून मोजावं.

एक सांगून ठेवतो, कारण व्हिडिओ बघून कुणीतरी निघेलच. बंद मैदानावर हिमस्खलनावर लक्ष ठेवणारं पथक नसतं, आणि भुसभुशीत बर्फाखाली तुटकी तार पडलेली असू शकते. मैदान बंद झालं म्हणून डोंगर बेवारस होत नाही. कुठे वनखात्याची हद्द असते, कुठे गावाचं कुरण. आधी गावात विचारावं.

[दृश्य : दयारा बुग्याल, हिरवं कुरण.]

आता पुढचा बेत. उत्तरकाशी जिल्ह्यातलं दयारा बुग्याल, साधारण साडेतीन हजार मीटर. बार्सू किंवा रैथल गावातून चढायचं. हिवाळ्यात इथे स्कीजोगा सुरेख उतार मिळतो, पण लिफ्ट नाही. जितकं घसरायचं तितकं आधी स्वतःच्या पायांनी चढायचं. ऑगस्टच्या मध्यावर त्याच उतारावर गुरं असतात आणि रैथलचे लोक अंढूडी साजरी करतात : कुरणाने दूध दिलं म्हणून एकमेकांवर लोणी-ताक उडवतात. आमच्यात सध्या वाद चालू आहे, की फेब्रुवारीत जायचं की ऑगस्टमध्ये. माझं मत ऑगस्टला. बर्फाचा भरवसा नाही, लोण्याचा आहे.