वारा नाही हो, उंची! ज्वालामुखीच्या राखेचं मॉडेल

नमस्कार मंडळी. 23 नोव्हेंबर 2025 ला इथिओपियातला हायली गुब्बी फुटला आणि दुसऱ्या रात्री त्याची राख दिल्लीच्या आभाळात. विमानं रद्द झाली, आणि माझ्या कमेंटमध्ये एकच प्रश्न: "दादा, राख कुठे जाणार हे कॉम्प्युटरला कळतं कसं?"

सोपं आहे, भरभर सांगतो. ज्वालामुखीच्या डोक्यावर कॉम्प्युटरमध्येच हजारो-लाखो कण सोडायचे. हवामानाच्या मॉडेलमधला वारा त्यांना ढकलतो. हवेतल्या खळबळीसाठी थोडं इकडेतिकडे हलवायचं, जड कण खाली बसवायचे, पाऊस असेल तर धुवायचे. अमेरिकेतल्या 'नोआ' या हवामान-समुद्र संस्थेचं 'हायस्प्लिट', ब्रिटिश हवामान खात्याचं 'नेम', दोन्ही याच जातीची. 'नेम' तर चेर्नोबिलनंतर किरणोत्सारी धुळीसाठी लिहिलेलं. झालं.

आता माझं डोकं फिरवणारी कमेंट. "वाऱ्याचा अंदाज चुकतो, म्हणून राख चुकते." अहो, एक-दोन दिवसांचा वारा बऱ्यापैकी कळतो! कळत नाही ते हे, की डोंगरातून राख निघाली किती? तिथे तराजू घेऊन कोण उभं राहणार? म्हणून ढगाची उंची बघतात आणि तिच्यावरून वजन काढतात. हा हिशोब साधारण चौथ्या घाताचा. उंची दुप्पट, तर राख सोळा पट. सोळा!

नाही पटलं? उलटं बघू. ढग 10 किलोमीटर होता आणि तुम्ही 12 म्हणालात. फरक किरकोळ वाटतो ना? राख दुप्पट झाली. 2010 मध्ये आइसलँडच्या एयाफ्यात्लायोकुत्लमुळे (चौथा रिटेक आहे हा, हसू नका) युरोपचं आकाश बंद पडलं, तेव्हा घनमीटरला 2 मिलिग्रॅम अशी रेघ ठरवली गेली. दीडचे तीन झाले की विमान जमिनीवर. आणि तेव्हा उंची मोजत कोण होतं? 155 किलोमीटरवरच्या केफ्लाविकचा एक रडार. एवढ्या लांबून उंची पायऱ्यापायऱ्यांनीच दिसते.

बरं, त्यातली बहुतेक राख जवळच पडते. 'नेम'मध्ये लांब जाणारी बारीक राख ढोबळ 5 टक्के धरायचे. म्हणजे अंदाजावर अंदाज. "आमच्या गॅलरीत राख पडली" म्हणणाऱ्या ताई, इथिओपियाची राख आपल्या डोक्यावर कित्येक किलोमीटर उंचीवरून गेली. तुमच्या वरच्या मजल्यावर टाइल्स कापतायत का, ते बघा आधी.

तिसऱ्यांदा सांगतो, कारण हे कुणी लक्षातच घेत नाही. उंची नुसतं वजन ठरवत नाही, दिशाही ठरवते. आमच्या आठव्या मजल्यावरून मी चिमूटभर रांगोळी सोडली. खाली पार्किंगमध्ये हवा एकीकडे, वर दुसरीकडे. भरड दाणे सरळ खाली, बारीक पूड शेजारच्या विंगच्या वाळत घातलेल्या चादरीवर. सेक्रेटरींचा फोन आला, तो भाग एडिट केलाय.

'हायस्प्लिट' ब्राउझरमध्ये फुकट चालतं. एका जागेवरून तीन उंची टाका, तीन रेघा कशा फाकतात बघा. मी पहिल्यांदा विमानवाल्यांच्या सूचनेतले 45,000 फूट उचलून तसेच टाकले. उंची भरायचा तो चौकोन मीटरमध्ये होता! 45 किलोमीटर, मॉडेलचं छतही तेवढं उंच नाही. अर्धा तास मी मॉडेललाच शिव्या घालत होतो. तुम्ही 13,700 टाका.