नाकातलं मांस

दृश्य : ओपीडी. दुर्बिणीचा मॉनिटर, नाकाच्या आतून.

हे जे ओलसर, फिकट, चमकणारं दिसतंय, सोललेल्या द्राक्षासारखं, ते आहे नेझल पॉलिप. दुर्बिणीचं टोक लागलं की हलतं. दुखत मात्र नाही. पेशंट सांगतो, ‘नाकात मांस वाढलंय, कापून टाका.’ सायनसच्या, म्हणजे नाकाभोवतीच्या हवेच्या पोकळ्यांच्या, अस्तराला महिनोन्‌महिने सूज राहिली की त्यात पाणी साठतं आणि ते अस्तरच असं लोंबायला लागतं. नाक बारा आठवड्यांहून जास्त चोंदलेलं राहिलं आणि आत हे दिसलं, की साध्या सर्दीचा विषय संपला.

दृश्य : सोलापूर, पूर्व भाग. यंत्रमाग चालू.

हा खडखडाट आम्ही मुद्दाम कमी केलेला नाही. आपले पेशंट, मामा, दिवसभर यातच उभे असतात. टॉवेलचा माग. कापसाचे बारीक तंतू बघा : ट्यूबलाइटवर, दांडीवर, मामांच्या भुवयांवर. यानेच पॉलिप होतो असं म्हणता येणार नाही. कुणाला दमा असतो, कुणाला बुरशीची अ‍ॅलर्जी, कुणाला अ‍ॅस्पिरिन चालत नाही. पुष्कळांच्या बाबतीत नेमकं कारण सापडतही नाही. पण आधीच सुजलेल्या नाकात रोज हे जात असेल, तर सूज उतरणार कशी?

दृश्य : मेडिकलचं काउंटर, ड्रॉपची बाटली.

मामांचा इलाज हा. दोन थेंब टाकले की पाच मिनिटांत नाक मोकळं. मग परत चोंदतं, परत थेंब. हे ड्रॉप तीन ते पाच दिवसांच्या वर रोज वापरले तर उलटे फिरतात. त्यांच्यामुळेच नाक बंद राहायला लागतं. बाटलीवर हे मोठ्या अक्षरात का नसतं, कोण जाणे.

दृश्य : घर. मामी विड्या वळतायत. सूप, पानं, तंबाखू.

या खोलीत पाऊल टाकलं आणि आमच्या कॅमेरामनला शिंका सुरू झाल्या. मामा मात्र सुपाशेजारीच जेवायला बसले. त्यांना तंबाखूचा वास येत नाही. कधीपासून, तेही सांगता येत नाही.

दृश्य : सीटी स्कॅन.

काळी दिसते ती हवा, पांढरं ते हाड. दोन डोळ्यांच्या मधला भाग काळा दिसायला हवा. मामांचा सगळा राखाडी आहे, म्हणजे हवेच्या जागी सूज आणि पॉलिप भरलेत.

दृश्य : ऑपरेशन थिएटर.

पूर्ण भूल. चेहऱ्यावर कुठेही छेद नाही. चार मिलिमीटरची दुर्बीण नाकपुडीतून आत जाते, शेजारून मायक्रोडिब्रायडर. हे यंत्र पॉलिप ओढून घेतं, कापतं आणि शोषून बाहेर टाकतं. बाजूला डोळा, वर मेंदू. मध्ये अगदी पातळ हाड. म्हणूनच सर्जनची नजर सारखी स्कॅनकडे जाते. या पद्धतीचा पाया ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी घातला. १९८० च्या दशकात हाइन्झ स्टॅमबर्गर आणि अमेरिकेतले डेव्हिड केनेडी यांनी ती जगभर नेली. आता बंद पडलेल्या वाटा उघडतायत बघा. खरं औषध याच वाटेनं आत जाणार आहे.

पॉलिप पुन्हा वाढू शकतो. दमा असेल तर शक्यता जास्त.

दृश्य : मोरी. पातेलं, मीठ, पिचकारी बाटली.

आमच्या लेखी खरा उपचार इथे सुरू होतो. सोलापुरात नळ काही दिवसांआड येतो, पाणी पिंपात साठवलेलं. ते तसंच नाकात घालायचं नाही. उकळायचं, कोमट होऊ द्यायचं. दूषित पाण्यातला अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. साधारण २४० मिलिलिटर पाणी, चहाचा अर्धा चमचा मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. मोरीवर वाकायचं, तोंड उघडं ठेवायचं, एका नाकपुडीत सोडायचं. मामा पहिल्यांदा ठसकले. मामी हसल्या.

मग स्प्रे. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं. टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर डोळ्याच्या कोपऱ्याकडे. जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध घशात जातं. ‘स्टेरॉइड आहे ना?’ मामींचा प्रश्न. आहे; पण स्प्रेमधला डोस बारीक, रक्तात फार थोडा उतरतो. शुगर आणि बीपी वाढवतात त्या स्टेरॉइडच्या गोळ्या; त्या थोड्याच दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. स्प्रे मात्र बरं वाटलं तरी, डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत, चालू ठेवायचा.

ज्यांना एवढं करूनही फरक पडत नाही, त्यांच्यासाठी डुपिलुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत. अमेरिकेत या आजारासाठी २०१९ मध्ये मान्यता मिळाली. फार महाग.

दृश्य : ओपीडीबाहेरची रांग.

एकाच नाकपुडीत गाठ असेल, रक्त येत असेल, तर तुकडा तपासायला द्यावाच लागतो. आणि डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसायला लागले, तर ओपीडीचा वार बघत बसू नका. त्याच दिवशी कॅज्युअल्टीत जा.