टार्प रात्री सैल का पडतो? तणावे, मेखा आणि एक सरकगाठ

नमस्कार मंडळी. आजचा विषय टार्प, म्हणजे तंबूऐवजी डोक्यावर ताणायचं कापड. बोलण्याआधी जरा हे ऐका.

(टार्पवर टिचकी मारत)

ढब्ब. ऐकलंत? आता हा एकच कोपरा मी सोडतो... आणि वारा आला की बघा. फड, फड, फड. रात्री अडीच वाजता डोक्यावर हे चालू असलं की झोप लागत नाही. पाऊस असेल तर त्याहून वाईट, कारण सैल कापडाला झोळ पडतो आणि झोळात पाणी साचतं. एक चौरस मीटर जागेत फक्त 1 सेंटीमीटर पाणी साचलं तरी ते होतं 10 लिटर, म्हणजे 10 किलो वजन. त्या वजनाने झोळ वाढतो, वाढलेल्या झोळात आणखी पाणी येतं. माझ्यावर हे ऑगस्टमध्ये एकदा गुदरलंय. पहाटे मेख उपटून आली आणि ते सगळं पाणी थेट माझ्या मित्राच्या स्लीपिंग बॅगवर. त्या पहाटेपासून मी या विषयाच्या मागेच लागलोय.

आज आपण मावळातल्या एका सपाटीवर आहोत. माझ्याकडे 3 बाय 3 मीटरचा टार्प आहे, ट्रेकिंगच्या दोन काठ्या, आठ मेखा आणि दोरी. टार्पला ताणून धरणाऱ्या या दोऱ्यांना आपल्याकडे राहुट्यांच्या काळापासूनचा फार छान शब्द आहे: तणावा. मी आज तोच वापरणार आहे.

सुरुवात आढ्यापासून. घराला जसं आढं असतं, तशी टार्पची मधली रेघ. दोन्ही टोकांना काठ्या उभ्या करायच्या, 1.1 मीटर उंचीवर. दोन्ही बाजूंची कापडं जमिनीपर्यंत आणली तर खाली साधारण 2 मीटर रुंदी मिळते. दोन माणसं आणि त्यांच्या सॅक आरामात. वाऱ्याची रात्र असेल तर काठी आणखी खाली घ्या. पावसाळ्यात सह्याद्रीवर वारा बहुतेक पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे उघडं तोंड तिकडे नको. टार्पची उतरती बाजू तिकडे करा.

आता काठीच्या पुढची मेख कुठे ठोकायची? बहुतेक जण काठीच्या अगदी जवळ ठोकतात. समजा काठी जेवढी उंच, तेवढ्याच अंतरावर मेख लावली. तणावा 45 अंशात आला. मग दोरीत जेवढा ताण, त्याचा 70 टक्के भाग मेखेला वर उपटायला लागतो. तीच मेख काठीच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर न्या, हा भाग 45 टक्क्यांवर येतो. दोरी तीच, वारा तोच, मेखही तीच. म्हणून आढ्याचा प्रत्येक तणावा मी 3 मीटरचा ठेवतो. आखूड दोरी घेऊन आलात की मेख जवळच ठोकावी लागते, दुसरा इलाजच उरत नाही.

(जवळून: मेख आणि जमीन)

मेखेचं डोकं टार्पपासून लांब झुकलेलं पाहिजे. तणावा आणि मेख यांच्यात साधारण काटकोन झाला पाहिजे. आणि दोरी बघा कुठे आहे: मातीला टेकून. मेख चार बोटं वर राहिली आणि दोरी तिच्या डोक्याला बांधली, तर वाऱ्याचा प्रत्येक झटका पहारीसारखा काम करतो, मेख हलवून हलवून तिचं भोक मोठं करतो. मेख पूर्ण आत जात नसेल तर दोरी खाली सरकवून जमिनीलगत आणा.

आता कोपरे. सगळी खरी गोम इथे आहे. हा कोपरा मी आधी मुद्दाम चुकीचा लावतो, आढ्याला समांतर ओढतो. एक कड ताठ झाली, दुसरी कड मात्र लोंबतेय. कितीही जोर लावा, ती ताठ होणार नाही. आता कोपऱ्याच्या दोन्ही कडांच्या बरोबर मधल्या दिशेने, तिरपं ओढतो. दोन्ही कडा एकदम ताठ. जोर आधीपेक्षा कमी लागलाय.

कोपरे लावताना क्रमही पाळा: हा कोपरा, मग त्याच्या तिरपा समोरचा, मग उरलेले दोन. आणि पहिल्या फेरीत कुणालाच पूर्ण ताणू नका. चारही लागले की मग फेरी मारत थोडं थोडं घट्ट करायचं. एक कोपरा आधीच जीव खाऊन ओढला की बाकीचे तीन त्याच्या मागे वाकडे जातात.

(जवळून: कापडावरची सुरकुती)

ही सुरकुती दिसतेय? इथून निघून मध्यापर्यंत गेलीय. ज्या कोपऱ्यातून सुरकुती निघते, त्या मेखेची जागा चुकलेली असते. अशा वेळी दोरी आणखी ओढली तर सुरकुती खोल होते, बस. मेख उपटायची आणि वीतभर बाजूला ठोकायची. कंटाळा करू नका, दोन मिनिटांचं काम आहे. ...हं, गेली.

गाठीकडे येऊ. एकच गाठ नीट शिका, सरकगाठ. दोरी मेखेभोवती घेतली. मोकळं टोक ताणलेल्या दोरीभोवती, मेखेच्या बाजूने फासाच्या आत, दोन वेढे. हे एक, हे दोन. मग त्या वेढ्यांच्या पलीकडे, फासाच्या बाहेर, त्याच दिशेने आणखी एक वेढा आणि टोक त्याच्या खालून बाहेर. गाठ बोटांनी नीट बसवा, वेढे एकमेकांना चिकटून. आता गाठ हाताने टार्पकडे सरकवली की तणावा घट्ट, मेखेकडे आणली की सैल, आणि सोडली की जागच्या जागी. दोरी गुळगुळीत असेल तर आत दोनऐवजी तीन वेढे घ्या. आढ्याला जास्त ताण हवा असेल तर ट्रकवर माल बांधताना दोरीच्या मध्यात फास करून टोक त्यातून ओढून घेतात ना, ती गाठ चालेल. पण जपून, तिने कापडातली दोरी ओवायची रिंग उपटून येऊ शकते. रिंग आधीच तुटली असेल तर कापडात गुळगुळीत गोटा गुंडाळा, त्याच्या मानेला दोरी बांधा. रिंगेपेक्षा पक्कं बसतं.

झाडांमध्ये दोरी बांधून त्यावर टार्प टाकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्या दोरीवर ओले कपडे वाळत घालू नका. दोरी जितकी सरळ, तितका मधल्या वजनाचा ताण टोकांना जास्त. 5 किलोचे ओले कपडे मधोमध टाकले आणि दोरी दोन्हीकडे फक्त 5 अंश झुकली, तर प्रत्येक टोकाला 28-29 किलोची ओढ बसते.

आता आपल्या डोंगरांचा खरा प्रश्न: कातळ. मेख दोन बोटंसुद्धा जात नाही. इथे तणाव्याच्या टोकाला मुठीएवढा धोंडा बांधा आणि त्याच्या पुढे, टार्पच्या बाजूला, दोरीवर मोठा धोंडा ठेवा. ओढ बसली की छोटा धोंडा मोठ्याला जाऊन अडतो. नुसती दोरी मोठ्या दगडाला गुंडाळली तर ती घासून तुटते. वाळूत असाल तर टोकाला आडवी काठी बांधून ती कोपरभर खोल पुरा. आणि गडावर असाल तर तटाच्या फटीत किंवा कोरीव दगडात मेख ठोकू नका, कृपा करून. एक दगड निखळला की तो परत बसवायला कुणी येत नाही.

शेवटचं, जे मला सर्वात उशिरा कळलं. सुती आणि अंबाडीच्या दोऱ्या भिजल्या की आखडतात, म्हणून जुन्या राहुट्यांचे तणावे पावसात सैल करावे लागत. नायलॉनचं उलटं आहे, भिजलं की ते लांबतं. तुमचा टार्प नायलॉनचा आणि दोरीही नायलॉनची असेल, तर संध्याकाळी ढब्ब वाजणारं कापड दव पडल्यावर सैल होणारच. दोरी तरी पॉलिस्टरची घ्या, ती कमी लांबते.

आणि हा उपाय मी वैरणीच्या गंजीवरून उचललाय. गंजीवरच्या ताडपत्रीला दोरीने दगड लोंबकळत ठेवलेले असतात, बघितले असतील तुम्ही. ताडपत्री कितीही सैल होवो, दगड खाली खाली जात ताण तेवढाच ठेवतो. मी कडेच्या मधल्या तणाव्यावर असाच एक दगड टांगलाय, जमिनीपासून वीतभर वर. सकाळी बघाल तर तो खाली आलेला असेल. म्हणजे रात्रीत दोरी लांबली.

आढ्याच्या तणाव्यावरून पाणी ओघळत आत येतं, त्यासाठी टार्पच्या अलीकडे ही बोटभर सुतळी बांधलीय. पाणी तिच्यावरून खाली टपकतं, वळचणीच्या पागोळीसारखं.

साडेसहा वाजलेत, दव पडायला लागलंय. टिचकी मारतो... थोडा आवाज उतरलाय, ऐका. एक फेरी मारून आठही गाठी दोन-दोन बोटं सरकवतो. झोपायच्या आधी पुन्हा एकदा.